दोन बहिणी आणि एक तबकडी



मोहालीत राहणाऱ्या माणसाला झिरकपूरचा चौक चुकवता येत नाही. दिल्लीला जा, पटियाळ्याला जा, नाहीतर पंचकुल्यावरून सिमल्याकडे जा, झिरकपूरच्या गर्दीत अर्धा तास मोडलाच म्हणून समजा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि त्यांच्या मधेमधे इथे ज्यांना ‘मॅरेज पॅलेस’ म्हणतात ती लग्नाची भलीमोठी कार्यालयं. लग्नसराईत रात्री दोनपर्यंत डीजे चालू असतो. पण मेहंदीच्या दुपारी, डीजेवाला यायच्या आधी, घरातल्या बायका ढोलकी घेऊन बसतात आणि चमच्याने ढोलकीच्या लाकडावर ठेका धरून जुनी गाणी म्हणतात. त्यातली कित्येक गाणी आज सगळ्यांना एकाच चालीत येतात, कारण दोन बहिणींनी ती त्या चालीत तबकडीवर गायली होती. थोरली प्रकाश कौर, धाकटी सुरिंदर कौर.

यातल्या सुरिंदर कौर शेवटच्या काळात, २००४ साली, इथून हाकेच्या अंतरावर पंचकुल्याला येऊन राहिल्या. आपल्या मातीजवळ जावं म्हणून झिरकपूरला घर बांधायचं त्यांच्या मनात होतं. त्यांची माती खरं तर लाहोरची. ती १९४७ साली सुटली. तरी सत्तरी ओलांडलेल्या बाईला झिरकपूर ‘मातीजवळ’ वाटावं, यामागे एक इतिहास आहे. आजचा लेख त्या इतिहासाबद्दल आणि गाण्याच्या तबकडीबद्दल. यात फौजही आहे, आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्याही आहेत.

प्रकाश कौर यांचा जन्म १९१९चा आणि सुरिंदर कौर यांचा १९२९चा, दोघींचाही लाहोरचा. वडील लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. घरात पाच बहिणी. शिकल्यासवरल्या घरातल्या मुलीने बाहेर लोकांसमोर गाणं त्या काळी मानाचं समजत नसत. १९०२ साली हिंदुस्थानात तबकड्यांचं ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हा भोंग्यासमोर गायला उभ्या राहिल्या त्या गौहर जानसारख्या गाण्यावर पोट असलेल्या बायका. आपल्याकडे हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून बैठकी केल्या, तेव्हा कुठे ‘घरंदाज बाई गाते’ ही गोष्ट लोकांच्या हळूहळू पचनी पडली. पंजाबात ते काम बऱ्याच अंशी रेडिओने केलं. लाहोरचं आकाशवाणी केंद्र डिसेंबर १९३७ मध्ये सुरू झालं. रेडिओवर बाई दिसत नाही, फक्त ऐकू येते. पडदा पाळणाऱ्या समाजाला ही सोय पटली.

दोघी बहिणी उस्ताद इनायत हुसेन यांच्याकडे शास्त्रीय गाणं शिकल्या. हे इनायत हुसेन बडे गुलाम अली खाँसाहेबांच्या नात्यातले. ऑगस्ट १९४३ मध्ये सुरिंदर कौर लाहोर रेडिओवर पहिल्यांदा गायल्या. वय पुरतं चौदाही नव्हतं. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला दोघी बहिणींचं पहिलं जोडगीत एचएमव्हीसाठी ध्वनिमुद्रित झालं. ‘मावां ते धीयां रल बैठियां’ हे ते गाणं. मराठीत सांगायचं तर, आया आणि लेकी एकत्र बसल्या.

ही तारीख मी मुद्दाम अधोरेखित करतो. १९४३ हे महायुद्धाचं वर्ष. पुढच्याच महिन्यात ८वी इंडियन डिव्हिजन इटलीत उतरली आणि तिच्यात आपल्या मराठ्यांची पलटणही होती. नाईक यशवंत घाडगे यांना पुढच्या वर्षी, जुलै १९४४ मध्ये, इटलीतच वीरमरण आलं आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पंजाबच्या गावागावांतली तरुण माणसं आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेशात होती. घरी उरल्या होत्या त्या आया आणि लेकीच. त्या गाण्यात युद्धाचं नावही नाही. तरी ते कुठल्या काळात बाजारात आलं हे ध्यानात ठेवलं, तर ते घरोघर का वाजलं असेल याचा थोडा अंदाज येतो.

युद्धाचा संबंध तबकडीच्या कच्च्या मालाशीही होता. ७८च्या तबकड्या प्लॅस्टिकच्या नव्हत्या. त्यात मुख्य चिकटा लाखेचा. ही लाख आपल्याच छोटा नागपूरसारख्या भागातल्या पळस, कुसुम, बोर या झाडांवर किडे तयार करतात आणि तेव्हा जगाला ती प्रामुख्याने हिंदुस्थानातूनच जात असे. युद्धात जहाजं अडकली आणि लाख लष्करी कामालाही लागू लागली, म्हणून अमेरिकेने १९४२ साली तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर मोठी कपात लावली. इकडे कलकत्त्याजवळच्या दमदमला ग्रामोफोन कंपनीचा कारखाना चालू होता. लाहोर, मुंबई, मद्रास, कुठलंही गाणं असो, एचएमव्हीची तबकडी तिथेच छापली जायची. आपले भावगीत गायक जी. एन. जोशी याच कंपनीत मुंबईला ध्वनिमुद्रणाचे अधिकारी होते. त्यांचं ‘स्वरगंगेच्या तीरी’ ज्यांनी वाचलंय त्यांना हे जग ओळखीचं वाटेल.

आता गाण्याकडे येतो. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावतात. आणि लोकगीताला तर शेवटच नसतो. पंजाबात पूर्वी मुली आणि बायका रात्री एकत्र जमून सूत कातत. त्या बैठकीला ‘त्रिंजण’ म्हणतात. दहा-पंधरा चरखे फिरत असत. एकीने ओळ काढायची, बाकीच्यांनी ती उचलायची, मग दुसरीने आपली ओळ घालायची. सूत संपेल तेव्हा गाणं संपेल. श्रावणात झोके बांधून ‘तीयां’ साजऱ्या होत, तिथेही हाच प्रकार. या सगळ्याचं सव्वातीन मिनिटांत काय करणार?

दोन बहिणींनी जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. एकटीने गायलं असतं तर ते एका गायिकेचं गाणं झालं असतं. पंधराजणी तेव्हाच्या एका मायक्रोफोनसमोर उभ्या केल्या असत्या तर शब्द कळले नसते. दोघींनी गायलं की ‘एकीने काढायचं, दुसरीने उचलायचं’ हा सगळा व्यवहार टिकतो. थोरलीचा आवाज भरदार, धाकटीचा गोड आणि थोडा पातळ. एक जोडओळ एकीने सोडली की दुसरी त्याच सुरावर ती घेते, आणि धृपदाला दोघी एकत्र येतात. ऐकताना तुम्हाला त्यांच्या मागे बसलेल्या बाकीच्या बायका आपोआप ऐकू येतात. त्रिंजणाचं सगळ्यात लहान रूप म्हणजे दोन आवाज, आणि तबकडीवर नेमकं तेवढंच मावत होतं.

परदेशात आवाज जुळवून गाण्याची रीत वेगळी. १९६५च्या सुमाराला अमेरिकेत जुनी लोकगीतं इलेक्ट्रिक गिटारवर घेऊन ‘बर्ड्स’सारखे गट पुढे आले. १९६९ साली क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश या तिघांची पहिली एलपी आली. तिघं एकाच वेळी तीन वेगवेगळे सूर लावतात आणि त्या तीन सुरांचा मिळून एक गोफ होतो. त्याला तिकडे हार्मनी म्हणतात. आपल्याकडे, म्हणजे पंजाबात काय आणि महाराष्ट्रात काय, दोघी एकच सूर धरतात. फरक असतो तो गळ्याच्या पोताचा आणि श्वासाचा. एक किंचित आधी येते, दुसरी किंचित नंतर. तालमीत बसवलेली ही गोष्ट नाही. बरोबर राहून, बरोबर काम करून ती येते. सख्ख्या बहिणींना ती आणखी सोपी जाते.

मोहालीत मी ज्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतो, तिथल्या घरमालकिणीला सगळे ‘बीजी’ म्हणतात. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या कपाटात जुन्या एलपी आहेत, पुठ्ठ्याच्या कडा झिजलेल्या. तबकडी वाजवायचं यंत्र कधीच बंद पडलंय, पण तबकड्या टाकायच्या नाहीत असा बीजींचा हुकूम आहे. एकदा त्यांनी मला या बहिणींच्या लोकगीतांची एक एलपी हातात दिली आणि मी मागची यादी वाचत गेलो तसं प्रत्येक नावापुढे प्रसंग सांगत गेल्या. “ये हल्दी का है, पुत्तर. ये विदाई का. ये झूले का.” एका पुठ्ठ्यावर वर्षभराचे सण आणि एका मुलीचं अर्धं आयुष्य मांडलेलं होतं.

७८ची तबकडी आणि विनाइलची एलपी यांच्यातला फरक मला त्या दिवशी कळला. ७८वर एका बाजूला एकच गाणं. ते लग्नातलं असेल तर लग्नात वाजवायचं. एलपी मिनिटाला ३३ फेरे घेते आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं वाजते, म्हणजे पाच-सहा गाणी सहज बसतात. आपल्याकडे साठच्या दशकात एलपी आणि चार गाण्यांच्या छोट्या ईपी घरोघर पोचायला लागल्या, तेव्हा वेगवेगळ्या ऋतूंची आणि प्रसंगांची गाणी पहिल्यांदा शेजारी शेजारी येऊन बसली. गावात हळदीचं गाणं आणि झोक्याचं गाणं एका दिवशी कुणी गाणार नाही. एलपीवर ती एका सुईखाली आली. ज्याचं गाव जागेवर आहे त्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण ज्याचं गाव सुटलंय, त्याच्या हातात वर्षभराचं गाव चाळीस मिनिटांत येतं. इंग्लंडमध्ये साउथॉलला किंवा कॅनडात व्हँकुव्हरला गेलेल्या पंजाब्यांच्या घरात या तबकड्या का जपल्या गेल्या, त्याचं कारण हेच.

आणि सुटलेल्या गावांची गोष्ट पंजाबात समुद्रापलीकडे जायच्या आधीच सुरू होते. १९४७च्या फाळणीत या बहिणींचं लाहोर गेलं. ज्या रेडिओ केंद्रावर त्या गायल्या ते तिकडे राहिलं. आईवडिलांबरोबर सुरिंदर कौर गाझियाबादला आल्या आणि तिथून मुंबईला. संगीतकार मास्टर गुलाम हैदर यांनी त्यांना १९४८च्या ‘शहीद’ चित्रपटात गाणी दिली. हे तेच गुलाम हैदर, ज्यांनी त्याच वर्षी ‘मजबूर’मध्ये लताबाईंना मोठी संधी दिली. पुढे ते स्वतः लाहोरला निघून गेले. सुरिंदर कौर यांना पार्श्वगायनात जम बसवता आला असता, पण १९५२ साली त्या मुंबई सोडून दिल्लीला परतल्या. पती जोगिंदरसिंग सोढी दिल्लीत प्राध्यापक होते. दोघं इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनच्या, म्हणजे ‘इप्टा’च्या मंडळींबरोबर पंजाबातल्या खेड्यापाड्यांत फिरले. हिंदी सिनेमा सोडून पंजाबी लोकगीतं धरायची, हा निर्णय त्या काळच्या पैशाच्या हिशेबात तोट्याचाच होता.

तो तोट्याचा निर्णय किती मोलाचा ठरला, ते एका गाण्यावरून सांगतो. ‘जुत्ती कसूरी’ हे सुरिंदर कौर यांचं गाजलेलं गाणं. नवी नवरी नवऱ्याबरोबर पायी सासरी निघालीय, पायात कसूरची जुती आहे, ती पायाला बरोबर बसत नाही, आणि नवऱ्याला काही त्याचं पडलेलं नाही. गाण्यात इतकंच आहे, आणि ते ऐकून बायका अजून हसतात. कसूर हे लाहोरच्या दक्षिणेचं शहर. कातडी जुत्यांसाठी प्रसिद्ध, बुल्लेशाहची कबर तिथली, आणि बडे गुलाम अली खाँसाहेबांचा जन्मही तिथलाच. १९४७ नंतर कसूर पाकिस्तानात राहिलं, हद्दीला अगदी लागून.

आमच्या पेशातल्या माणसाला कसूर म्हटलं की जुती आठवत नाही, खेमकरण आठवतं. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानची १ली आर्मर्ड डिव्हिजन पॅटन रणगाडे घेऊन कसूरच्याच बाजूने खेमकरणवर आली. असल उत्तरच्या ऊसमळ्यांत पाणी सोडून आणि रिकॉइललेस गनी लावून आपल्या फौजेने तिला अडवलं. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांचं परमवीर चक्र त्याच लढाईतलं. युद्धानंतर तिथे पकडलेल्या आणि मोडलेल्या पॅटन रणगाड्यांची इतकी रांग लागली की त्या जागेला पॅटन नगर म्हणू लागले. प्रत्येक जवानाला कुठल्या ना कुठल्या कॅडरमध्ये ही लढाई शिकवतात. नकाशावर बोट ठेवून सांगतात, इथून आले, इथे अडकले.

त्याच नकाशावर, त्याच रस्त्याला, एक नवरी जुती चावते म्हणून कुरकुरत चालली होती, हे मला पंजाबात येईपर्यंत माहीत नव्हतं. फाळणीच्या आधी कसूरची जुती अमृतसर-फिरोजपूरच्या बाजारात सहज मिळायची आणि इकडच्या मुली तिकडे नांदायला जायच्या. युद्धाच्या इतिहासात हे कुठे नोंदलेलं नाही, नोंदायचं कारणही नाही. गाण्याने मात्र ते धरून ठेवलं. ते गाणं तबकडीवर आलं नसतं, तर ज्या पिढीने कसूर पाहिलं नाही तिला ते गाव फक्त शत्रूची फॉर्मिंग-अप जागा म्हणून ठाऊक राहिलं असतं.

पंजाबी लोकगीतांत फौजी जागोजागी आहे. ‘लाम’ हा शब्द तुम्हाला त्यात सारखा भेटेल. लाम म्हणजे फौज, मोहीम, लढाईवर जाणं. पहिल्या महायुद्धात इथल्या बायकांनी बसऱ्याच्या लामेवर गाणी रचली. बसरा म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. तिथे आपली पुण्याची ६वी डिव्हिजन कुतला वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावं लागलं. तिच्यात पंजाबी पलटणी होत्या, तशा १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणीही होत्या. पलटणींचे इतिहास रँक, तारखा आणि लढाऊ सन्मान सांगतात. पंजाबी बायकांच्या गाण्यांत सरळ सांगितलेलं असतं की ती लाम एकदाची मोडो आणि आमचा माणूस घरी येवो. सरकारच्या भरतीच्या गाण्यांना चौकात बँड असायचा. ही गाणी चरख्यावर म्हटली जात होती.

इथल्या एका सुभेदारसाहेबांनी मला सांगितलं, त्यांच्या गावात जवळजवळ प्रत्येक घरातला कुणीतरी लामेवर गेलेला, पण गावाच्या वेशीवर शहिदांच्या नावांची पाटी आहे, तशी वाट बघणाऱ्यांची पाटी कुठेच नाही. म्हणून मला ही गाणी त्या न लावलेल्या पाटीसारखी वाटतात.

‘मधाणियां’ हे दोघी बहिणींचं असंच एक गाणं. मधाणी म्हणजे आपली ताक घुसळायची रवी. विषय मुलीची पाठवणी. वाढवायचं एकीने आणि न्यायचं दुसऱ्याने, हा कुठला न्याय, असं ती मुलगी विचारते. हे मी पहिल्यांदा नीट अर्थ लावून ऐकलं तेव्हा मला आजीच्या जात्याची आठवण झाली. जात्यावरच्या ओवीत दुसरं काय असतं? माहेर, आई, भाऊ, आणि ‘लेकीचा जन्म’ या विषयावरचं न संपणारं गाऱ्हाणं. जात्यालाही समोरासमोर दोघी बसतात. खुंटा दोघींच्या हातात, एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने उचलायची. पंजाबात चरखा आणि रवी, आपल्याकडे जातं. बाईच्या हाताला काम आहे आणि शेजारी दुसरी बाई आहे, म्हणून गाणं आहे.

आपल्याकडे गावात पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. बायकांचा जीव वाचला, त्याचं कुणीही वाईट मानू नये. पण ओवी जात्याबरोबरच कोपऱ्यात गेली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि आज त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात. हे काम झालं नसतं तर आपल्या हाती फार थोडं उरलं असतं. पंजाबी लोकगीताला मात्र दोन बहिणी मिळाल्या आणि त्यांच्या मागे तबकडीचा बाजार उभा राहिला. ओवी अशी बाजारात आली नाही. बाजारात आल्याने गाणं टिकतं, पण त्याची किंमतही मोजावी लागते.

ती किंमत अशी. बीजींच्या एलपीवर काही गाण्यांपुढे कवीचं नाव होतं, काहींपुढे फक्त ‘लोकगीत’ एवढंच. ‘लोकगीत’ लिहिलं की पैसे मागायला कुणी येत नाही. ज्या शेकडो बायकांनी पिढ्यान् पिढ्या ती ओळ घासूनपुसून तयार केली, त्यांची नावं कुणाला माहीतच नव्हती. दुसऱ्या बाजूने असंही झालं की खऱ्या कवीचं गाणं इतकं लोकांचं झालं की ते लोकगीतच वाटायला लागलं. ‘गोरी दियां झांजरां’ हे नंदलाल नूरपुरी यांचं. अनेकांना ते परंपरेतलंच वाटतं. आपल्या बहिणाबाईंच्या बाबतीत असंच झालं असतं. मुलगा सोपानदेव यांनी कविता उतरवून जपल्या म्हणून नाव राहिलं, नाहीतर खानदेशातली लोकगीतं म्हणूनच त्या ओळखल्या गेल्या असत्या. शिवकुमार बटालवी या कवीचं तर चंदीगडशीच नातं. जन्म आता पाकिस्तानात असलेल्या गावचा, ‘लूणा’साठी १९६७चा साहित्य अकादमी पुरस्कार अगदी तरुण वयात, नंतर चंदीगडला स्टेट बँकेत नोकरी, आणि १९७३ साली, चाळिशी यायच्या आत, मृत्यू. त्यांच्या कविता सुरिंदर कौर यांच्या आवाजात गावोगाव पोचल्या, ज्यांनी पुस्तक कधी उघडलं नाही त्यांच्यापर्यंतही.

दुसरी किंमत म्हणजे चाल गोठते. त्रिंजणात एकाच गाण्याच्या दहा चाली होत्या, माझ्याचे वेगळं आणि मालव्याचे वेगळं. तबकडी आली आणि एकच चाल खरी ठरली. झिरकपूरच्या पॅलेसमध्ये बसलेल्या बायका आज ज्या चालीत गातात ती लाहोरच्या दोन बहिणींची आहे. हा तोटा खरा आहे. पण १९४७ साली ज्या गावांतल्या वेगळ्या चाली होत्या ती गावंच्या गावं उठली. इकडची मुसलमान गावं तिकडे, तिकडची शीख-हिंदू गावं इकडे. त्रिंजणं मोडली, शेजारणी पांगल्या. नव्या जागी, निर्वासितांच्या छावणीत, वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या अनोळखी बायका एकत्र आल्या तेव्हा सगळ्यांना येणारी एक चाल कुठली असणार? जी रेडिओवर आणि तबकडीवर होती ती. ज्या तबकडीने चाली कमी केल्या, तिनेच पांगलेल्या बायकांना पुन्हा एकत्र गायला शिकवलं. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत.

पुढे आसासिंग मस्ताना यांच्याबरोबर सुरिंदर कौर यांची जोडी फार गाजली. रंगीला जट्ट, हरचरण ग्रेवाल, दीदार संधू अशा अनेकांबरोबर त्या गायल्या. प्रकाश कौर १९८२ साली गेल्या. सुरिंदर कौर यांना १९८४ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. मुलगी डॉली गुलेरिया पटियाळा घराण्याचं गाणं शिकून आईच्या वाटेने आली, नात सुनैनी हीदेखील गाते. आई-लेकींनी एकत्र बसून गायचं, हे त्या पहिल्या तबकडीचंच शीर्षक घरात खरं झालं.

डिसेंबर २००५ मध्ये पंचकुल्याला असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यातून उठून त्या २००६ मध्ये पद्मश्री घ्यायला स्वतः दिल्लीला गेल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मोहाली हा वेगळा जिल्हा झाला आणि तोवर पटियाळा जिल्ह्यात असलेलं झिरकपूर त्यात आलं. जून २००६ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत सुरिंदर कौर यांचं निधन झालं. लाहोरला जन्म, मुंबईत नाव, दिल्लीत संसार, झिरकपूरला घराचं स्वप्न आणि न्यू जर्सीत शेवट. आपल्यापैकी ज्यांनी पंचवीस वर्षांत अकरा बदल्या पाहिल्या आहेत, त्यांना ‘माती’ म्हणजे नेमकी कुठली हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही. जिथली माणसं आपलं गाणं म्हणतात ती माती, एवढंच उत्तर मला तरी यातून सापडतं. झिरकपूर लाहोर नव्हतं, पण तिथल्या बायकांना तिचं गाणं येत होतं.

आज मोहालीच्या एकेका फेजमध्ये पंजाबी गाण्यांचे स्टुडिओ आणि कंपन्या आहेत. इथे बनलेलं गाणं दुसऱ्या दिवशी टोरांटोत वाजतं. परदेशात विनाइलला पुन्हा मागणी आली आहे आणि जुन्या पंजाबी एलपींनाही जाणकार शोधत असतात. चांगली गोष्ट आहे. पण मला आपल्या घरातलं बोलायचंय.

तुमच्यातले बरेचजण आता पेन्शनवर, सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव, कोकणात आपापल्या गावी आहात. आई असेल, चुलती असेल, आत्या असेल. त्यांना ओव्या येतात. एकटीला विचाराल तर ती म्हणेल, “मेलं आता काय आठवतंय.” म्हणून एकटीला विचारू नका. आईला आणि मावशीला, चुलतीला आणि शेजारच्या म्हातारीला, दोघींना समोरासमोर बसवा. हातात काहीतरी काम द्या, शेंगा फोडायला, तांदूळ निवडायला. एकीला पहिली ओळ आठवेल, दुसरीला पुढची. मोबाइल शेजारी चालू ठेवून द्या आणि मधे बोलू नका. झालं की कुणी गायली, माहेर कुठलं, सासर कुठलं आणि कुणासाठी गायली, हे लिहून ठेवा. तुम्ही लामेवर असताना ती कुठल्या ओव्या म्हणायची, तेही विचारा. ते तुमच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये लिहिलेलं नाही.

नाव मात्र नक्की लिहा. नुसतं ‘लोकगीत’ लिहू नका.

जय हिंद.